होडीच्या पडद्याला खिडक्या

आप्पा,

तुम्ही आयुष्यात होडी जवळून पाहिली होती का, हे मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं. विचारायला कारणही नव्हतं म्हणा. सोलापुरात होडीचा विषय कोण काढणार? आपल्याकडं पाणी म्हणजे चार-पाच दिवसांआड नळाला येतं तेवढं. पण गेले दोन महिने एका होडीनं मला पुरतं बेजार केलंय, आणि हे सांगावं तर कुणाला? सुनेला सांगितलं तर ती म्हणते, "सोडून द्या की आत्या, कुणी जबरदस्ती केलीय का?" कुर्डुवाडीला भावाला फोन केला, तर तो रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून स्वतःच्या गुडघ्यांशिवाय दुसऱ्या कशावर बोलत नाही. ताडपत्री कळणारं माणूस तुमच्यानंतर मला भेटलंच नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी कामावरून भांडायचं म्हटलं की अजून तुम्हीच लागता.

दुकान तिथंच आहे, शुक्रवार पेठेत. तुमच्या वेळचं काम मात्र राहिलं नाही. ट्रकवाले आता तयार निळं-पिवळं प्लास्टिक घेतात, फाटलं की फेकतात. मी रिक्षाचे हूड शिवते, टेम्पोचे पडदे, मोटरसायकलची सीट कव्हरं, मांडवाच्या कनाती. रिक्षाच्या हूडला मागं हातभर खिडकी असते, तेवढाच माझा खिडकीशी संबंध. तीही कापडात आधीच बसवलेली, तयार मिळते. दिवाळी झाली आणि एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला. कुणा टेम्पोवाल्यानं त्याला माझ्याकडं पाठवलं होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्याची मोटर लावलेली लांब होडी आहे, दहा-बारा माणसं बसतात. हिवाळ्यात पुण्याकडची मंडळी पक्षी बघायला येतात, त्यांना फिरवतो. एरवी अल्याड-पल्याडच्या गावांची माणसं, दुधाचे कॅन, शाळेची पोरं. होडीवर लोखंडी पायपांचा सांगाडा आहे, वर छत आहे, पण बाजू उघड्या. सकाळी वारा झोंबतो, तुषार उडतात, संध्याकाळी चिलटं नाकातोंडात जातात. त्याला बाजूंना पडदे पाहिजे होते, पडद्यांना खिडक्या, आणि खिडक्यांना जाळ्या.

त्यानं मोबाइल पुढं केला. "मावशी, असं पायजे बगा."

फोटोत एक पांढरीशुभ्र होडी. भोवती लोण्याच्या रंगाचं कापड, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बंगल्यासारख्या खिडक्या.

"ही होडी आहे का घर आहे?"

"तिकडं परदेशात असलीच असत्यात की."

"तिकडं लोक होडीत महिना महिना राहत असतील, बाबा. तुझ्याकडं तासभर बसून उतरणार."

"मंग तासभर तरी वाटू दे की त्यास्नी परदेशात आल्यागत."

मला हसू आलं, आणि तिथंच मी फसले. हो म्हणून बसले. आप्पा, हसवणाऱ्या गिऱ्हाइकापासून लांब राहावं हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काही अंत नाही. काचेसारख्या प्लास्टिकचे तीन तुकडे मी पाटावर मांडले. पातळ घेतलं तर गुंडाळायला सोपं, पण त्यातून बघितलं की पलीकडचं माणूस पाण्यात पडल्यासारखं वाकडंतिकडं दिसतं. जाड घेतलं तर आरशासारखं स्वच्छ, पण थंडीच्या सकाळी घडी पडली की तडकतं. मधलं दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, आपल्या उन्हात तर एकातच. त्यानं एकेक तुकडा डोळ्याला लावला आणि रस्त्यावरची माणसं बघत बसला. "हे बरं हाय. न्हाय, हे बी बरं हाय." मग गेला. आठ दिवसांनी फोन: एकच लांब खिडकी नको, तीन लहान करा. पुन्हा चार दिवसांनी: गोल करा, जहाजागत. मी म्हटलं, "गोल केल्या तर तुझी होडी इडलीच्या भांड्यासारखी दिसेल." तर रुसला. दोन दिवस फोन नाही. मग म्हणतो, बायकोला विचारलं, ती म्हणती खिडकी खाली घ्या, बसलेल्या पोराला दिसलं पायजे, उभ्या माणसाच्या छातीला खिडकी लावून काय उपेग? आणि खरं सांगते, दोन महिन्यांत शहाणपणाचं असं हे पहिलंच वाक्य माझ्या कानावर आलं होतं.

जाळीवरून तर डोकं फिरायची वेळ आली. त्याला पांढरी जाळी पाहिजे. काळी म्हणजे सुतकासारखी वाटती म्हणे. मी किती समजावलं, की पांढरी जाळी उन्हात चमकते, मग जाळीच दिसते, पलीकडचं काही दिसत नाही. ऐकेना. शेवटी त्याला दारात उभं केलं, तोंडासमोर पांढरी जाळी धरली, म्हटलं समोरच्या चहावाल्याच्या पाटीवर काय लिहिलंय वाच. डोळे बारीक केले, मान वाकडी केली, काही जमलं नाही. मग काळी धरली. तो नुसता "आयला" म्हणाला आणि खाली बसला. पण मान्य केलं म्हणून ऐकलं असं थोडंच असतं? जाताना दारातून वळून विचारतोच, "निळी न्हाय का मिळत?"

या सगळ्यात मला राग त्याचा कमी आणि तुमचा जास्त येत होता. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, यांची गिरणी बंद पडली होती आणि मी माहेरी तुमच्या दुकानात पुन्हा कामाला यायला लागले होते. बांगड्यांची गाडी लावणारी एक बाई होती, तिला पावसाळ्यासाठी गाडीवर झाकण पाहिजे होतं. ती म्हणाली, झाकलं की बांगड्या दिसत नाहीत, गिऱ्हाईक थांबत नाही. तुम्ही जेवायला गेलेले बघून मी कॅनव्हासला वीतभर चौकोन पाडला आणि त्यात प्लास्टिक शिवलं. लई खूश होते मी. तुम्ही आलात, झाकण उजेडाला धरलंत. "शाबूत कापडाला कात्री लावायला हात कसा धजला तुझा?" कारागिरांच्या देखत. मग प्लास्टिक उसवून तिथं दुहेरी ठिगळ मारायला लावलंत, आणि म्हणालात, "आपण झाकायचं काम करतो. दाखवायचं काम सोनाराचं." त्या बाईनं ते ठिगळाचं झाकण निमूट नेलं. मीही निमूट राहिले. चाळीस वर्षं मी कॅनव्हासला भोक पाडलं ते फक्त दोरी ओवायची आयलेट ठोकायला. आणि आता या वयात, कात्री घेऊन कापडासमोर बसले की हात थांबतो. मागून कुणीतरी येईल आणि उजेडाला धरून बघेल असं वाटतं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला हे शोभतं का, सांगा.

खिडकी कशी बसवायची हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्ही तर नाहीच. तुम्ही मला ताडपत्रीचं शिवणसुद्धा बोलून शिकवलं नाही. भाऊ शेजारी बसून शिकला, मी दोरा ओवून देता देता बघून शिकले. खिडकीही तशीच शिकले, कापडाची नासाडी करून. एका जुन्या हुडावर पहिली खिडकी बसवली ती बारीक टाक्यानं, तुमच्यासारखा दाट टाका. चार वेळा ओढून बघितली तर टाक्यांच्या भोकांवरून टपालाच्या तिकिटासारखी टरकन फाटली. म्हणजे प्लास्टिकला टाका लांब पाहिजे, अर्ध्या बोटाचा. दुसरी खिडकी कोपऱ्यातून गेली. काटकोनात सगळा ताण येऊन बसतो. मग स्वयंपाकघरातली जेवणाची थाळी आणली आणि तिच्या कडेनं खडू फिरवून कोपरे गोल केले. तिसरी टिकली. सूनबाई थाळी शोधत बाहेर आली आणि तिच्यावरचा खडू बघून काही न बोलता दुसरी घेऊन गेली.

मापांचं काय सांगू? मी त्याला टेप घेऊन मापं काढ म्हणाले, तर हा सुती दोरी घेऊन आला, तिला गाठी मारलेल्या. ही लांबी, ही उंची. मी त्यावर कापड बेतलं. मग कळलं, मापं घेताना दोरी पाण्यात पडली होती, ओल्या दोरीला गाठी मारल्या होत्या, आणि सांगाड्याची एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटं लांब आहे, कारण वेल्डिंगवाल्यानं पाइप डोळ्यांनी मोजून कापले होते. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता मीच येते. तर असं करून, आप्पा, तुमची मुलगी कुर्डुवाडीला भावाकडं मुक्काम करून, पुढं जीपनं, मांडीवर कॅनव्हासचं गाठोडं घेऊन पाण्याच्या काठावर गेली. एकदा मापाला गेले. दुसऱ्यांदा गेले ती पडदे तयार करून, बसवायलाच.

ती दुसरी खेप, मागच्या आठवड्यातली, तिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं आहे. आतापर्यंत इकडंतिकडं फिरत बसले.

होडी काठाला बांधलेली. ऊन चांगलं वर आलेलं. मी नाववाल्याला हाताशी धरून पडदे चढवते आहे. वरची कड पायपाला, खालची कड होडीच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या हुकांना; हुक मीच त्याला आधी वेल्ड करून घ्यायला सांगितले होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या, गोल कोपऱ्यांच्या, बसलेल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीला. प्लास्टिकला भोवती चेन, म्हणजे उकडलं तर प्लास्टिक उघडून वर गुंडाळायचं आणि काळी जाळी तेवढी राहील. मागं मोटरीपाशी नाववाला बसणार, त्याच्या आणि माणसांच्या मध्ये एक पडदा. पुढं चढायच्या जागी दरवाजा, त्याला तीन पट्टे, तीन बक्कल. सगळं ताणून बसलं. कुठं सुरकुती नाही. काठावरची दोन-चार माणसं बघायला थांबली. नाववाल्याची बायको आली, हात पदराला पुसत. कोवळी नाही, तिशी ओलांडलेली, हसतमुख. म्हणाली, "मी बसून बगू का वो मावशी, गिऱ्हाईक झाल्यागत?" मी म्हटलं, "बस की, राणीसारखी बस." ती आत जाऊन फळीवर बसली. मी बाहेरून दरवाजाचे तीन पट्टे आवळले, खिडक्यांच्या चेनी ओढल्या, आणि दोन पावलं मागं सरून आपलं काम बघत उभी राहिले. नाववाला मागचं पाणी उपसायला डबा आणतो म्हणून घराकडं गेला.

काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू. त्या खिडकीतून तिचा चेहरा अगदी तसबिरीसारखा. ती हसली. मीही हसले. मग ती काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. मी मान हलवली, काय? ती परत बोलली. मग तिनं तळहात प्लास्टिकवर टेकवला आणि दाबला. मग दुसरा हात. मग ती उठून दरवाजापाशी गेली आणि कॅनव्हास आतून दोन ठिकाणी फुगला, तिथं तिचे हात होते. आणि तेव्हा मला कळलं, आप्पा. चेनीचा रनर बाहेरून. बक्कल बाहेरून. हुक बाहेरून. आतून हात घालायला बोटभर जागा नाही. पन्नास वर्षं माल झाकला मी. गठ्ठे, पोती, पेट्या. माल कधी आतून उघडा म्हणत नाही.

तुम्हाला तो चादरींचा ट्रक आठवतो का? मला खात्री आहे, आठवत असणार, जरी आपण त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. मी नऊ वर्षांची. दुकानासमोर गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक उभा. ताडपत्री द्यायच्या आधी तुम्ही तिची परीक्षा घ्यायचा ती अशीच: मालावर टाकायची आणि मला आत सरपटायला लावायचं. आत काळोख, आणि जिथं बारीक भोक तिथं उन्हाचा ठिपका. माझ्या हातात खराट्याच्या काड्यांची जुडी. ठिपका दिसला की काडी खुपसायची. बाहेर तुम्ही ती बघून खडूची खूण करणार, मेण चोळणार. आणि तुमची ताकीद, आत गेल्यावर तोंड बंद, भोकं संपून मी बोल म्हणेपर्यंत एक शब्द नाही. त्या दिवशी भोकं संपली. काड्या बाहेर यायच्या थांबल्या. तुम्हाला वाटलं, पोरगी उतरून जेवायला गेली. मला दोऱ्या आवळल्याचा आवाज येतो आहे, तुमचा "हां, ओढ" ऐकू येतो आहे, आणि मी गप्प आहे, कारण तुम्ही बोल म्हणाला नाहीत. ट्रक हलला तेव्हा मी ओरडले. पण ताडपत्री तुम्ही इतकी पक्की शिवली होती की आवाजसुद्धा बाहेर गेला नाही. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही सायकलवर अक्कलकोट रोडच्या जकात नाक्यापाशी ट्रक गाठला. दोऱ्या सोडल्या, मला बखोटीला धरून खाली ओढलंत आणि पहिलं वाक्य काय, तर कानडीत "निनग बायी इल्लेनु?" तुला तोंड नाही का? आणि एक लगावलीत. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, पोरीला आधी पाणी तरी द्या की." घामानं माझं परकर-पोलकं अंगाला चिकटलेलं. घरी येईपर्यंत सायकलच्या दांडीवर मी पुढं, आणि तुम्ही मागं, आणि एक शब्द नाही. चार दिवसांनी मशीनवर चामड्याचा एक तुकडा ठेवलेला होता, तळहातावर बांधून दाभण रेटायला लागतो तो. कारागिरांकडं असायचा तसाच, पण माझ्या हाताच्या मापाचा. कुणी ठेवला, का ठेवला, कुणी बोललं नाही. मी तो बांधला आणि कामाला लागले. तेव्हा मला वाटलं, आता मी कारागीर झाले.

मी पट्टे सोडले. बक्कल नवं, घट्ट, निघता निघेना. ती बाहेर आली, कपाळावर घाम, पण चिडलेली नाही. म्हणाली, "मावशी, आतनं उगडायचं ऱ्हायलं की वो."

आणि मी काय म्हणाले, माहीत आहे? मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं आतून ढकलायला? शिवण नवी आहे, ताण बसतो. काम बाकी आहे अजून. आतलं लावायचं आहे. सगळं झाल्याशिवाय बोलायचं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पिशवीकडं बघितलं. पिशवी तोंड उघडून काठावर पडली होती, त्यात एक कात्री आणि भावाच्या घरची भाकरी बांधलेला रुमाल, बस. आतलं लावायचं काहीही तिच्यात नव्हतं. ती म्हणाली, "बरं. चहा टाकते." आणि गेली.

चहा पिताना नाववाला म्हणतो, "झालं न्हवं मावशी? उद्यापासनं पाण्यात घालतो." मी म्हटलं, नाही, मी पडदे परत नेणार, बदल करायचे आहेत. झालं, तो तापला. रविवारी पुण्याची पार्टी येणार, त्यांना फोटो पाठवलेत, आता काय सांगू? "काय वंगाळ हाय ह्यात?" मी म्हटलं, आतून उघडत नाही. "मी हाय की मागं बाहेर. मी उगडतो." मी म्हटलं, "वारं फिरलं, होडी कलली, आणि तूच पाण्यात असलास तर?" तो म्हणाला, "असलं अभद्र का बोलता? आमचं हातावरचं पोट. पडदा सैल ठेवला तर वारं शिरतंय, गिऱ्हाईक भिजतंय, मंग कशाला करायचे पडदे? न्हाय न्हाय. बायको, तू सांग की त्यास्नी, चांगलं झालंय म्हून."

मी मान वर केली नाही. तिला एकच वाक्य बोलायचं होतं, की म्हातारीनं चूक केलीय आणि ती लपवतीय. ती बशीत चहा ओतत म्हणाली, "अवो, त्यांनी सांगितलंय न्हवं, काम बाकी हाय म्हून. आतलं लावायचं ऱ्हायलंय. अर्धवट काम पाण्यात घालणार हाय का तुमी? पोरं बसत्यात आपली त्यात." त्यानं बशी तोंडाला लावली. माझंच खोटं घेऊन तिनं माझी सुटका केली, आणि चहा पुढं केला. साखर जास्तच घातलेली होती.

पडदे परत आणले. गेले सहा दिवस उसवते आहे आणि शिवते आहे, आणि स्वतःवर चरफडते आहे. चेनी सगळ्या काढल्या. बक्कल काढले. खालच्या हुकांना रामराम. आता पडदा फक्त वरून लटकतो, खालच्या दुमडीत बारीक सळई घातली आहे वजनाला, आणि कडा चिकटणाऱ्या पट्टीनं धरल्या आहेत. आतून खांदा लावला की चर्रकन सुटून अख्खी बाजू उघडते. दिसायला पहिल्याच्या निम्मंही बरं दिसत नाही. तुषार येणार, वारा येणार. पट्टीत वाळू अडकली की दर आठवड्याला ब्रशनं साफ करावी लागणार, आणि त्यावरून तो मला वर्षभर फोन करणार, हे मला आत्ताच दिसतं आहे. दुकानाच्या छताच्या कड्यांना टांगून मी स्वतः आत बसून बघितलं, डोळे मिटून, एका हातानं, मग पाठीनं, मग लहान पोराच्या उंचीला बसून. प्रत्येक वेळी सुटलं. तरी पुन्हा पुन्हा बसत होते. सूनबाई म्हणाली, "आत्या, बस झालं, पडद्याला ताप येईल आता."

हे तुम्हाला पाठवायचं कुठं? आणि पोचलं असतं तरी तुम्ही वाचलं नसतं. तुमची शाळा अक्कलकोटाकडच्या खेड्यात, कन्नड तिसरी. तुम्हाला मराठी अक्षर लागत नव्हतं. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. मराठी लिहायला शिकले तेही बेतासाठी आणलेल्या रद्दी पेपरांवरून, कापता कापता. म्हणजे आपल्या दोघांत पत्राची सोय कधी नव्हतीच. बोलायची होती.

उद्या नाववाल्याची बायको पडदे न्यायला येणार आहे. एकटीच येते म्हणाली, पहिल्या गाडीनं. मी ठरवलं आहे, तिला समोर बसवायचं आणि सांगायचं: काम बाकी नव्हतं पोरी, मी चुकले होते, आणि वर तुलाच बोलले. एवढंच तर आहे. सकाळपासून चार वेळा मनात म्हणून बघितलं, एकदा मशीन चालू ठेवून मोठ्यानंही म्हटलं. आणि दुपारी बघते तर उरलेल्या काळ्या जाळीची मी तिच्यासाठी एक पिशवी शिवायला घेतली आहे, मासळी धुवायला बरी पडेल अशी, दोन कप्प्यांची. ती आता पूर्ण झाली आहे. बंद लावले, टोकं गाठली. आप्पा, पिशवी तयार आहे, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघेल असं मला काही वाटत नाही.